रिव्हॉल्व्हरची चामडी होल्स्टरे : तेलाची बाटली उघडण्यापूर्वी आत पाहा

जुने चामडी होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगण्याचे म्यान, हाती आले की पहिली ओढ तेल लावण्याची होते. चामडे कोरडे दिसते, झाकणाच्या घडीवर बारीक भेगा असतात आणि आपण काहीतरी करायला हवे, असे सारखे वाटत राहते. माझ्या संग्रहातल्या तिसऱ्या होल्स्टरच्या बाबतीत मी हेच केले. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात ते नीट्सफूट तेल मी लागोपाठ दोन रात्री आतून-बाहेरून मुरवले. चामडे मऊ झाले, रंग गडद झाला आणि मला फार समाधान वाटले. महिन्याभरात मात्र त्याचे तोंड मिटले, सिलिंडरच्या (काडतुसांचे कप्पे असलेल्या फिरत्या भागाच्या) जागचा फुगवटा खाली बसला, झाकण अडकवायच्या पितळी खुंटीभोवती हिरवा मेणचट थर जमला, आणि आतल्या ज्या खुणा मी तोवर नीट पाहिल्याही नव्हत्या त्या सगळ्या एका काळपट डागात बुडून गेल्या. ते होल्स्टर कोणत्या रिव्हॉल्व्हरसाठी बनले होते, हे आता कधीच सांगता येणार नाही. हे दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून हा धागा काढला आहे.

रिव्हॉल्व्हरचा सर्वांत रुंद भाग म्हणजे सिलिंडर. त्यामुळे त्याचे होल्स्टर चपट्या पिस्तुलाच्या होल्स्टरसारखे सपाट राहूच शकत नाही. वर्षानुवर्षे एकच शस्त्र आत-बाहेर होत राहिले की चामडे त्याचा ठसा घेते, आणि हा ठसा बाहेरून जितका दिसतो त्याच्या कितीतरी पट अधिक आतून दिसतो. एक लहान विजेरी घ्यावी, होल्स्टर तोंडाकडून डोळ्यासमोर धरावे आणि प्रकाश सरळ न टाकता कडेने तिरपा टाकावा. सिलिंडरच्या पुढच्या आणि मागच्या कडांनी घासलेल्या दोन कमानी प्रथम दिसतात. त्यांच्या खाली एका भिंतीवर लांबट चर असतो. तो नळीच्या टोकावरच्या माशीने, म्हणजे नेम धरण्याच्या उंचवट्याने, पाडलेला असतो. अगदी तळाशी काजळी आणि तेल यांचे एक गोल कडे उमटलेले असते. नळीचे तोंड जिथे टेकत असे ती ही जागा. जुन्या सिंगल ॲक्शन (प्रत्येक बाराआधी मागचा खटका अंगठ्याने ओढावा लागतो अशा) कोल्टसारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी काडतुसे ढकलून काढण्याची दांडी नळीच्या उजव्या बाजूला वेगळ्या नळकांड्यात बसवलेली असते, आणि तिचाही एक बारीक उभा माग त्या बाजूच्या चामड्यावर राहतो. सिलिंडरच्या पुढच्या कमानीपासून तळाच्या कड्यापर्यंतचे अंतर मोजले की नळीच्या लांबीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दुकानदाराच्या चिठ्ठीपेक्षा मी या अंतरावर अधिक विश्वास ठेवतो.

होल्स्टरचा बाहेरचा आकारही मनमानीने ठरलेला नाही. सॅम्युएल कोल्ट यांना अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले ते 1836 साली. 1847 च्या वॉकर नमुन्याचे वजन सुमारे 2 किलो होते, त्यामुळे ते कमरेला नव्हे, तर खोगिराच्या पुढच्या बाजूला जोडीने लटकणाऱ्या होल्स्टरांत ठेवले जाई. 1851 चे नेव्ही रिव्हॉल्व्हर सुमारे 1.2 किलोचे होते आणि ते कमरेच्या पट्ट्यावर बाळगता येऊ लागले. ही सगळी शस्त्रे टोपीवर, म्हणजे आघाताने ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या टोपणावर, चालणारी होती. प्रत्येक कप्प्यात सुटी दारू, तिच्यावर गोळी आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ खुंटीवर, टोपी अशी त्यांची रचना असे. पावसाचे पाणी आत गेले की बार फुकट जाई, म्हणून लष्करी होल्स्टरांना पूर्ण झाकण असे. याच काळात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे लोटलेल्या लोकांमध्ये बिनझाकणाचे, नळीला घट्ट बिलगणारे सडपातळ होल्स्टर रूढ झाले. संग्राहक त्याला आजही कॅलिफोर्निया पॅटर्न म्हणतात. पुढे धातूच्या काडतुसांचा प्रसार झाला, दारू भिजण्याची भीती गेली आणि झाकणाचे मुख्य कारणच उरले नाही. काडतुसांच्या खाचा असलेला रुंद पट्टा आला आणि त्याच्यावर बसणारे मेक्सिकन लूप होल्स्टर 1870 च्या दशकापासून पसरले. त्याची रचना मला फार आवडते. एकाच कातड्याचा मागचा रुंद पदर खाली दुमडलेला असतो, त्या पदराला आडव्या चिरा दिलेल्या असतात आणि होल्स्टरचा खिसा त्या चिरांतून ओवून घेतलेला असतो. पट्टा दुमडीतून जातो. वेगळी पट्टी नाही, तिला धरणारा खिळा नाही, शिवण लागते ती फक्त खिशाच्या कडेला.

संग्रह करणाऱ्यांनी नमुन्यांची नावे पाठ करण्याआधी ही कारणे समजून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते, कारण कारण कळले की विसंगती आपोआप डोळ्यांत भरते. आपल्याकडे असलेल्या होल्स्टरांच्या आतल्या खुणांविषयी सदस्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. तेल लावायचे नाही, तर चामडे कोरडे पडून तुटणार नाही का? माझ्याकडे एक ब्रिटिश लष्करी होल्स्टर आहे. ते हाताळले की बोटांना तांबूस भुकटी लागते. ते दिवसेंदिवस झिजताना पाहवत नाही.

धागालेखक

तुमच्या होल्स्टरला जे झाले आहे त्याला संवर्धनाचे काम करणारे लोक रेड रॉट म्हणतात. झाडांच्या सालीतील द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यात हवेतील सल्फर डायऑक्साइड शोषला जातो, त्याचे आम्ल बनते आणि ते चामड्याचे तंतू आतून खाते. तुमच्या बोटांना लागते ती त्या तंतूंचीच भुकटी. ही झीज भरून काढता येत नाही आणि तेलाने ती थांबतही नाही. तेलामुळे भुकटीचा चिखल होतो, एवढेच. अशा वेळी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज अगदी पातळ करून लावतात. पाणी मात्र अजिबात लावू नये, कारण रेड रॉट झालेले चामडे पाणी लागताच काळे आणि कडक होते. खोगिराचा साबणही याच कारणाने टाळावा. वस्तू मोलाची असेल, तर हे काम जाणकाराकडून करून घेणे उत्तम.

ज्या चामड्याला हा रोग नाही त्याला स्थिर हवेची गरज असते. सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहावी. ती 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, तर बुरशी येते. होल्स्टर पट्ट्याच्या खाचेने खिळ्याला टांगू नये, कारण सगळे वजन त्या एका घडीवर येते. आडवे ठेवावे आणि आम्लरहित कागदाच्या सैल सुरळ्या करून सिलिंडरच्या पोकळीत भराव्यात, म्हणजे फुगवटा टिकतो. झाकण पूर्ण मिटून ठेवू नये, त्याच्या घडीतही कागदाची एक सुरळी द्यावी.

आणि रिव्हॉल्व्हर त्याच्या होल्स्टरमध्ये साठवून ठेवू नये. जोडी एकत्र शोभून दिसते, हे खरे आहे. पण चामड्यातील आम्ल, क्षार आणि धरून ठेवलेला ओलावा पोलादाला गंज चढवतात आणि त्याच्यावरचा निळसर लेप डागाळतो. क्रोमने कमावलेल्या चामड्यातील उरलेले क्षार तर याबाबतीत अधिकच वाईट.

प्रतिसाद २

माझ्याकडे काळ्या चामड्याचे, मोठ्या झाकणाचे एक होल्स्टर आहे. मूठ पुढे येईल अशा रीतीने ते उजव्या बाजूला बांधायचे आहे. विकणाऱ्याने ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी घोडदळाचे असल्याचे सांगितले. छाप पुसट झाला आहे. तेलाची बाटली आणून ठेवली होती, हा धागा वाचून ती परत कपाटात ठेवली. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मूठ पुढे असण्याचे कारण काय, आणि हे होल्स्टर खरोखर त्या काळातले आहे की नाटकासाठी बनवलेली नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

धागालेखक

घोडेस्वाराच्या डाव्या बाजूला तलवार लटकत असे आणि ती उजव्या हाताने उपसली जाई. उजव्या बाजूचे रिव्हॉल्व्हर मूठ पुढे ठेवून बांधले की ते डाव्या हाताने पोटावरून काढता येते, किंवा उजव्या हाताचे मनगट फिरवूनही काढता येते. पट्ट्याची मांडणी माणसाच्या शरीरावरून आणि त्याच्या दुसऱ्या शस्त्रावरून ठरते. सॅम ब्राऊन पट्ट्याचा जन्म तर एका अधिकाऱ्याच्या जखमेतून झाला. सॅम ब्राऊन यांनी 1858 च्या लढाईत डावा हात गमावला. एका हाताने म्यान सावरून तलवार उपसणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी उजव्या खांद्यावरून येणारा आधाराचा बंद जोडला. रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर त्याच पट्ट्यावर उजव्या बाजूला बसे. पुढे तो पट्टा कितीतरी देशांच्या अधिकाऱ्यांच्या गणवेशाचा भाग झाला.

आता खऱ्या-खोट्याविषयी. कापलेली कड जिथे रंगाखालून उघडी पडली असेल तिथे भिंगाने पाहा. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर करडा दिसतो. ऑगस्टस शुल्ट्झ यांचे क्रोम कमावणीचे पेटंट 1884 चे आहे, म्हणून त्याआधीच्या म्हणवणाऱ्या होल्स्टरमध्ये असा गाभा दिसला, तर पुढे काही पाहायची गरज नाही. टिचबटण असेल, तर तेही पाहा. हेरिबर्ट बाउअर यांचे त्याचे पेटंट 1885 चे आहे, त्यामुळे 1870 च्या मूळ होल्स्टरवर ते असणार नाही. अर्थात नंतरच्या मालकाने बसवलेले असू शकते. दोऱ्यावर अतिनील प्रकाश टाकावा. झगझगीत पांढरानिळा उजळला, तर दोरा बहुतेक आधुनिक आहे. यंत्राची शिवण दिसली म्हणून लगेच नक्कल ठरवू नये, ही चूक पुष्कळ जण करतात. शिवणयंत्राचे एलायस हाऊ यांचे पेटंट 1846 चे आहे.

सर्वांत बोलका पुरावा झिजेचा असतो. खरी झीज कारणाने होते. झाकणाच्या टोकाची आतली बाजू खुंटीने लांबटलेली असते, पट्ट्याच्या खाचेची वरची कड पातळ झालेली असते, शरीराकडची बाजू घामाने काळवंडलेली आणि गुळगुळीत असते, बाहेरची बाजू ओरखड्यांची असते. कृत्रिम रीतीने जुने केलेले होल्स्टर सगळीकडे सारखेच जुने असते. आपण आतून पाहावे आणि मोजमाप इथे द्यावे. त्यासाठी मऊ लाकडी पट्टी वापरावी, धातूची नको.

प्रतिसाद ३

मी चामड्याचे काम हाताने करतो आणि होल्स्टरेही बनवतो. जुन्या वस्तूंबाबत धागालेखकांचे म्हणणे मान्य आहे, परंतु नव्या कामाला तेल वर्ज्य मानू नये. नवे चामडे ओले करून वाळवले की त्याच्यातील काही स्निग्धता निघून जाते; तेलाचा एकच हलका हात, तोही फक्त बाहेरून, दिला तर ते ठिसूळ होत नाही. बिघडते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताने.

या निमित्ताने प्रक्रियाही सांगतो. मी झाडाच्या सालीने कमावलेले, 3.2 ते 3.6 मिलिमीटर जाडीचे चामडे घेतो. व्यापारात यालाच 8 ते 9 औंसांचे चामडे म्हणतात, कारण तिथे एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. रापीने कापून झाले की शिवणीच्या दोन कडांच्या मधे चामड्याची एक अरुंद पट्टी बसवतो. तिला वेल्ट म्हणतात. ती नसेल, तर सिलिंडरची कड आणि माशी थेट टाक्यांवर घासतात आणि काही काळाने दोरा तुटतो. आरीने भोके पाडून मेणवलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवतो. या शिवणीतला एक टाका तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो.

मग ते कोमट पाण्यात भिजवतो. किती भिजवायचे हे घड्याळावर ठरत नाही. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून, रंग पुन्हा फिकट होऊ लागेपर्यंत थांबायचे. तेव्हा चामडे मळलेल्या मातीसारखे वागते. त्यात रिव्हॉल्व्हरच्या मापाचा प्लॅस्टिकचा साचा घालतो आणि गुळगुळीत हाडाच्या तुकड्याने सिलिंडरच्या पन्हळी, ट्रिगरगार्डची (चापाभोवतीच्या कड्याची) कमान आणि नळीची कड दाबत जातो. खरे शस्त्र वापरत नाही. हाड फार जोरात फिरवले, तर चामडे चकाकते आणि तो डाग जात नाही, म्हणून शेवटचा दाब अंगठ्याचा. वाळवायचे ते सावलीत, हवेवर. घाईने उष्णता दिली की ओले चामडे आकसते आणि लाकडासारखे होते.

प्रतिसाद ४

मी नेमबाजीच्या मैदानावर रिव्हॉल्व्हर वापरतो, म्हणून वापराच्या बाजूने लिहितो. सुरुवातीला मी एक जुने, सुंदर, मऊ पडलेले होल्स्टर कमरेला लावत असे. एका सरावात रिव्हॉल्व्हर परत ठेवताना मध्येच अडकल्यासारखे वाटले. थांबून खाली पाहिले, तर होल्स्टरच्या तोंडाची मऊ कड दुमडून ट्रिगरगार्डच्या आत शिरली होती आणि थेट चापावर टेकली होती. मी तसेच रेटले असते, तर काय झाले असते याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो. त्या दिवसापासून जुने होल्स्टर मी वापरलेले नाही.

वापराच्या होल्स्टरचे तोंड शस्त्र बाहेर काढल्यावरही उघडे राहिले पाहिजे, चाप पूर्ण झाकलेला असला पाहिजे आणि पट्ट्याच्या खाचेची रुंदी पट्ट्याइतकीच असली पाहिजे. खाच सैल असेल, तर शस्त्राबरोबर होल्स्टरही वर येते. नवे होल्स्टर फार घट्ट असते. रिकामे केलेले रिव्हॉल्व्हर, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, मेणकागदात गुंडाळून रात्रभर त्यात ठेवले की सकाळी ते बेताचे सैल होते. परत ठेवताना घाई करण्याचे काहीच कारण नसते. डोळ्यांनी पाहत, बोट चापापासून दूर ठेवून, सावकाश ठेवावे.

धागालेखक

हा अनुभव लिहिल्याबद्दल आपले आभार. संग्रहातले होल्स्टर कमरेला लावू नये, याचे याहून ठोस कारण मला देता आले नसते. ज्यांना जुन्या घाटाचे होल्स्टर वापरायचेच आहे त्यांनी त्या नमुन्यावरून नवे करून घ्यावे. मात्र नमुना निवडताना तो कोणत्या गरजेसाठी होता ते पाहावे. टेक्सासमधील कायदारक्षक टॉम थ्रीपर्सन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे, एल पासो येथील एस. डी. मायर्स यांच्या कारखान्यात घडलेले होल्स्टर चटकन हात पोहोचावा म्हणून मुद्दाम कमी चामड्याचे केलेले आहे, त्यामुळे त्याच्या मूळ घाटात चाप आणि घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) उघडे राहतात. इतिहास म्हणून ते मोलाचे आहे. आज वापरासाठी तोच घाट हवा असेल, तर ट्रिगरगार्ड झाकून घ्यावा. तसेच जुन्या पद्धतीच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या मागच्या भागावर टेकतो. घोड्यावर अडकवायचा चामडी बंद शस्त्र पडू देत नाही, पण या खटक्याला बसलेला धक्का तो थोपवत नाही. म्हणून पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याची जुनी शिस्त अशा होल्स्टरबरोबर पाळावीच लागते.

प्रतिसाद ३ मधील एका हलक्या हाताबद्दल मला काहीही आक्षेप नाही. मी दोन रात्री तेल पाजले, तेही आतून.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आज दुपारी खिडकीजवळ बसून आत पाहिले आणि जे दिसले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. कडेचा गाभा तपकिरी आहे, निळसर छटा कुठेच नाही. झाकण खुंटीला अडकते, टिचबटण नाही. दोरा अतिनील प्रकाशात उजळत नाही. सिलिंडरच्या दोन कमानी स्पष्ट आहेत. तळाला मात्र एक नव्हे, दोन कडी दिसतात. खालचे कडे फिकट आहे आणि त्याच्यावर धूळ बसून त्याची धार बोथट झाली आहे. वरचे अधिक काळे आणि ठसठशीत आहे. दोन्हींमधले अंतर लाकडी पट्टीने तीनदा मोजले. ते 5 सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त भरते. माशीचे चरही दोन आहेत. ते एकाच रेषेत असून वरचा चर मध्येच संपतो. एकाच होल्स्टरमध्ये दोन वेगवेगळी रिव्हॉल्व्हरे राहिली असावीत का?

धागालेखक

आपण दिलेले अंतर वाचून मी जागेवरून उठलो. अमेरिकी घोडदळाच्या 1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची नळी साडेसात इंचांची होती. 1890 च्या दशकाच्या मध्यापासून लष्कराने यांतली पुष्कळ रिव्हॉल्व्हरे परत घेऊन त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांपर्यंत आखूड केल्या. संग्राहक त्यांना आर्टिलरी नमुना म्हणतात. या दोन लांबींमधला फरक 2 इंचांचा, म्हणजे 5.08 सेंटिमीटरचा आहे. सिलिंडर आणि चौकट तीच राहिल्यामुळे शस्त्र होल्स्टरमध्ये पूर्वीइतकेच खोल बसणार, सिलिंडरच्या कमानी जागच्या जागी राहणार आणि फक्त नळीचे तोंड वर येणार. पुसट कडे खाली आणि ठसठशीत कडे वर, हा क्रमही जुळतो. एवढ्यावरून ते होल्स्टर लष्करी असल्याचे सिद्ध होत नाही, कारण खासगी मालकांकडेही या दोन्ही लांबीची कोल्टे होती. आता उजव्या भिंतीवर काडतुसे काढण्याच्या दांडीचा माग शोधावा. तोही दोन लांबींचा असेल, तर कोल्टचा तर्क बराच पक्का होईल. तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत, प्रकाश एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून द्यावा, लाकडी पट्टी प्रत्येक छायाचित्रात दिसू द्यावी, आणि तोवर त्या होल्स्टरमध्ये काहीही घालू नये, अगदी कागदाची सुरळीसुद्धा नको.